भागाबाईचं पाणी आणि काटकसर कमिटी

शाळेची घंटा व्हायच्या आत चारही रांजण भरलेले हवेत, हा भागाबाईचा नेम. पैनगंगेच्या अलीकडं, जैनथपासून दोन कोसांवरचं ते गाव. शाळा टेकाडावर आणि आड टेकाडाच्या पायथ्याशी. आडही असा खोल, की बादली पाण्याला टेकेपर्यंत दोर हातातून सरसरत जातच राही. नवऱ्याची, डोमाजीची, चार एकर ज्वारी-कपाशी होती. घर खाऊनपिऊन चाललं होतं. पण निजामाच्या राज्यात लागलेली ही पाणीवालीची सरकारी जागा भागाबाई अंगावरच्या दागिन्यासारखी वागवायची. तिच्या हातचं पाणी पिऊन मोठी झालेली, आदिलाबादेत कचेरीत चिकटलेली माणसं रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करत. तिला ते आवडायचं, आणि ती तसं लपवतही नसे.

निजाम गेला. लोकांनी निवडून दिलेली असेंब्ली हैद्राबादेत भरू लागली आणि दर मार्चमध्ये वर्षाचा सरकारी खर्च तिथं ठरू लागला. १९५५ च्या मार्चात या भागाचे आमदार अमृतराव यांनी भांडून भांडून शाळेसाठी हातपंप मंजूर करून घेतला. गावात गूळ वाटला गेला. एप्रिलात हेडमास्तर केशवरावांच्या हाती सरकारी कागद पडला. त्यांनी तो दोनदा मनात वाचला, चष्मा पुसला आणि मग भागाबाईला वाचून दाखवला: पंप येणार असल्यामुळं पाणीवालीची जागा तख्फीफ, म्हणजे कपात, करण्यात आली आहे.

"पंप कवा येते?" भागाबाईनं विचारलं.

"जूनपर्यंत येईल."

जूनमध्ये पंप आला नाही, दुसरा कागद आला. खर्चाला कात्री लावायला असेंब्लीनं एक काटकसर कमिटी नेमली होती. तिनं वर्षाची नवी कामं थांबवली. त्यात पंप गेला.

"मंग माही जागा वापस आली म्हना."

"नाही ना, बाई. जागेचा कागद एका खात्याचा, पंपाचा दुसऱ्या खात्याचा. याचं त्याला ठाऊक नाही."

"दोनी कागद तुमच्या एकाच टेबलावर हायेत न जी?"

"माझ्या टेबलावर आहेत," केशवराव म्हणाले. "हैद्राबादेत नाहीत."

भागाबाई तणतणत घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी खांद्यावर दोर टाकून ती पुन्हा आडावर हजर! पगार बंद झाला म्हणून लेकरांची तहान थोडीच बंद होते? डोमाजी ओसरीवरून ओरडला, "सरकारनं तुले सोडलं, पन तू काई सरकारले सोडत नाईस!"

दिवाळी झाल्यावर ती आदिलाबादेत अमृतरावांच्या दारात जाऊन बसली. माणूस भला होता. त्यांनी तिथल्या तिथं टिपून घेतलं आणि पुढच्या अधिवेशनात प्रश्न टाकला. उत्तर सांगायला ते स्वतः गावात आले, पण ओसरीवर चढताना त्यांची नजर खालीच होती.

"सरकार म्हनते, त्या शाळेतून पान्याची एकबी तक्रार नाई."

"तक्रार कशी राहीन? मी रोज भरून राह्यली न!"

"तेच तं म्हनतो मी. तुमी भरून राह्यल्या म्हनून कागदावर अडचनच दिसत नाई." अमृतरावांनी आवाज खाली आणला. "आता एप्रिलात ती कमिटी खुद्द शाळा पाहाले येऊन राह्यली. त्या दिवशी रांजन कोरडे दिसू द्या. एक दिवस, बाई. जास्त नाई. जागा वापस मिळवाची तं हाच मोका हाय."

भागाबाईनं मान डोलावली. एक दिवस! त्यात काय अवघड होतं?

सुट्ट्या लागायच्या आधीच्या आठवड्यात भर दुपारी जीप आली. रांजण पालथे घातलेले होते, लेकरांना पाणी प्यायला घरी पाठवलं होतं. धुळीनं माखलेले चार साहेब अमृतरावांसोबत ओट्यावर खुर्च्यांवर टेकले. त्यांतले अध्यक्ष चांगले सत्तरीतले, ओठ सुकून पांढरे झालेले. उन्हातून आलेला माणूस ओट्यावर बसलाय आणि पुढं पाणी येत नाही, असं त्या गावात वैऱ्याच्या दारीही कधी घडलं नव्हतं. केशवराव हजेरीपटात डोकं घालून बसले. भागाबाई खांबामागं पदराचं टोक चावत उभी. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग अध्यक्षांना ठसका लागला, आणि ठसका काही थांबेना. ते छातीला हात लावून वाकले.

भागाबाई टेकाड उतरून घराकडं पळाली कधी, हे तिचं तिलाही कळलं नाही. कडेवर घागर आणि हातात गडवा घेऊन ती परत ओट्यावर चढली, तेव्हा अमृतराव साहेबांच्या पाठीमागून जोरजोरात मान हलवत होते. ते तिला दिसलं. तरी तिनं गडवा पुढं केला.

अध्यक्ष दोन गडवे प्याले, तिसरा तोंडावर मारला. "वाह! बरफ के माफिक ठंडा! पानी का तो यहाँ उम्दा इंतजाम है," म्हणाले आणि कागदावर लिहू लागले.

"साहब, ये बाई अपने घर से लाई," अमृतराव घाईघाईनं पुढं झाले. "इसकी जगह तो कट गई. साल भर से बिना तनखा के भर रही है."

"बिना तनखा के?" अध्यक्षांची लेखणी थांबली. त्यांनी उठून भागाबाईला हात जोडले आणि मग अमृतरावांकडं वळून विचारलं, "तो फिर तनखा काहे को?"

त्यांच्या बोलण्यात कुठंही कावा नव्हता, खरंखुरं कौतुक होतं. भागाबाईला तेच जास्त झोंबलं.

"एक दिवस हात बांधून बसता आलं नाई तुले," डोमाजी म्हणाला.

"तुमी बसले असते?"



कमिटीच्या अहवालात त्या शाळेवर दोनच ओळी होत्या: गावकऱ्यांनी पाण्याची सोय बिनखर्चात केली आहे, इतर शाळांनीही हा कित्ता गिरवावा. कित्ता गिरवला गेला. पावसाळा अर्धा सरला तेव्हा गुडीहत्नूरकडची एक बाई बसनं आणि पुढं चिखलातून पायी गावात आली, घर विचारत दाराशी उभी राहिली.

"भागाबाई तूच काय?"

"हो. तू कोन वं, बाई?"

"रेनुका. मीबी शाळेत पानी भरो. तुह्या पुन्याईनं माही जागा गेली." बाई रडत नव्हती, भांडतही नव्हती. "तुले मालक हाय, वावर हाय. तुले फुकट भराले परवडते. मले काऊन बुडवलं?"

सालभर जे काम भागाबाईला चांगुलपणाचं वाटत होतं, ते असं दारात येऊन जाब विचारील, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. रेणुकाबाई गेली, आणि भागाबाई तशीच शाळेत जाऊन केशवरावांना म्हणाली, "गुरुजी, उद्यापासून मी भरत नाई."

गाव चवताळलं. "लेकरायचे हाल करतं काय, बाई?" असं पारावरून विचारणाऱ्यांना ती म्हणायची, "मी नाई करत. अर्ज लिवा, अंगठे लावा." आठ दिवसांत वैतागून त्यांनी खरंच अर्ज लिहिला. शाळेतून गेलेली पाण्याची ती पहिली तक्रार.

तक्रारीचं उत्तर यायच्या आत हैद्राबादचं राज्यच मोडलं. नोव्हेंबर छप्पनला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. मग उत्तर आलं: मामला मागच्या राज्यातला आहे, नव्या राज्याच्या पुढल्या अंदाजपत्रकाच्या वेळी पुन्हा कळवावं.

तोवर केशवराव आणि वरच्या वर्गातल्या पोरांचे बाप पाळीपाळीनं पाणी ओढत. शेंदायची सवय कुणालाच नव्हती. एके सकाळी भागाबाई शाळेलगतच्या वावरात कापूस वेचत असताना आडावरून धप्प आवाज आला, पाठोपाठ आरडाओरडा. बादली दोरातून सुटली होती. तिचे हात थबकले. ती उठायला झाली, आणि परत खाली वाकली.

थोड्या वेळानं केशवराव बांधावर आले. सदरा भिजलेला, हाताला फोड.

"भागाबाई, बादली काढायचा गळ आहे का हो घरी?"

"हाय."

"मग देता का जरा?"

"नाई देत, गुरुजी." ती वेचतच राहिली. "गळ देल्ला तं लिवतीन, गळाचीबी सोय हाय म्हनून."

धोतराचा सोगा खोचून केशवराव शाळेकडं वळले. आता बादलीसाठी वेगळा अर्ज लिहायचा होता.