रोहिणखेडच्या मेहराबीसमोर बाबा

आधीच सांगते, मी चिखलीत शाळेत विज्ञान शिकवते. भूत, करणी, अंगात येणं — यातलं काही मी मानलेलं नाही, आजही मानत नाही. 'मनाचे खेळ' अशी कमेंट टाकायची तर खुशाल टाका... फक्त आधी पूर्ण वाचा.

बाबा इतिहासाचे मास्तर. दरवर्षी मुलांना रोहिणखेडला न्यायचे, निजामशाहीतली दगडी मशीद दाखवायला. पश्चिमेच्या भिंतीतल्या मेहराबीपाशी, म्हणजे त्या कमानदार कोनाड्यापाशी, ते हमखास थांबायचे. नमाज पढवणाऱ्याची पाठ लोकांकडे असते, तरी आवाज दगडावरून उलटून मागच्या रांगेपर्यंत जातो — बांधणाऱ्यांच्या या हुशारीचं त्यांना भारी कौतुक.

दोन वर्षांपूर्वी लकवा मारला आणि बाबांची वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, यांना आता काही समजत नाही. मग काय, नातेवाईक त्यांच्या देखत त्यांच्या तेराव्याच्या गोष्टी करू लागले. मला संताप यायचा, पण भांडणार कशाच्या जोरावर?

गेल्या हिवाळ्यात मी आणि धाकटा भाऊ प्रशांत त्यांना रोहिणखेडला घेऊन गेलो. भर दुपार होती. देखभाल करणारे चाचा जुन्या ओळखीचे. "आओ मास्तरसाब," म्हणत त्यांनीच चाकाच्या खुर्चीला हात लावला. बाबांना मेहराबीसमोर बसवलं, प्रशांत शेजारी थांबला. मी पार मागे, पूर्वेच्या कमानीत उभी होते.

आणि बाबांचा आवाज आला. स्पष्ट... वर्गात असायचा तसा, मला हाक मारणारा.

"सुनू, पट्टा काचून राह्यला वं. ढिला कर."

मी धावतच गेले. "बाबा बोलले ना आत्ता?"

"नाही वं ताई," प्रशांत म्हणाला. "मी त्यायच्या तोंडाकडेच पाहून राह्यलो होतो. ओठ बी नाही हलले."

खुर्चीचा पट्टा सोडून मी सदरा वर केला. पोटावर लालबुंद वळ उठला होता. आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता. बाबा माझ्याकडे बघून रडत होते, आणि मीही रडले.

म्हणे प्रतिध्वनी! अहो, प्रतिध्वनी यायला आधी कुणीतरी बोलावं लागतं, हे मी सातवीच्या पोरांना शिकवते. चाचांनीही काही ऐकलं नव्हतं. पुन्हा दोनदा जाऊन आलो, काही ऐकू आलं नाही. पण ऐकलं ते ऐकलं, मी शब्द मागे घेणार नाही.

प्रशांत अजूनही म्हणतो, ताईला भास झाला. परवा आत्या बाबांसमोरच बोलली, "याले आता काय समजते?"

मी तोंड उघडायच्या आत प्रशांत म्हणाला, "हळू बोल आत्या. ते ऐकून राह्यले."