फळ्यावरची मुद्दाम चूक

"किती पैकी? अरे, शंभर टक्के किती पैकी?"

माधवनगर रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात आडवे करून टक्केसर एका रिक्षावर ओरडत होते. रिक्षाच्या टपावर भोंगा आणि भोंग्यात कुठल्याशा क्लासची जाहिरात, निकाल शंभर टक्के, निकाल शंभर टक्के. मागे दुचाक्यांची अशी रांग लागली, की तिचं शेपूट मिरजेत असणार. मी जाऊन बघितलं नाही, पण खोटं बोलायचं मला काय कारण?

"आवं मास्तर, टेप हाय ती. तिला काय इचारता?" रिक्षावाला कळवळून म्हणाला.

"मग तू सांग. चारच पोरं परीक्षेला बसवली आणि चारी पास झाली, तरी शंभरच टक्के. बाकीची कुठं घालवली?"

"मला काय म्हाईत? मी निस्ता फिरतोय."

"सगळा देश निस्ता फिरतोय," असं म्हणून सरांनी त्याला वाट दिली.

वडूजच्या शाळेत सर आम्हाला गणित शिकवत; टक्केसर हे नाव आम्हा पोरांनीच पाडलेलं. आवाज असा, की त्यांनी वर्गात 'बसा' म्हटलं तर एस.टी. स्टँडवरच्या म्हशीसुद्धा बसायच्या. त्यांची एक रीत होती. रोज तासाला फळ्यावर एक चूक करायची, मुद्दाम. सांगायचं मात्र नाही. ज्याला ती सापडेल त्याच्या हातात खडू द्यायचा आणि स्वतः त्याच्या बाकावर मांडी घालून बसायचं. मग राहिलेला तास त्या पोरानं शिकवायचा आणि सरांनी खोड्या काढायच्या. मी सहावीत तीनदा मास्तर झालो. पुढं आयुष्यात तेवढी बढती पुन्हा मिळाली नाही.

निवृत्त झाल्यावर ते माधवनगरात दोन खोल्या घेऊन राहिले. पत्नी वारल्या होत्या, मुलगी बंगळूरला. मी सांगलीत नोकरीला लागलेला, कामावर जायची वाट त्यांच्या चौकातूनच. त्या चौकात तालमीच्या भिंतीवर मंडळाचा जुना वार्ताफलक होता. वाढदिवस आणि निधन दोन्ही फ्लेक्सवर गेल्यापासून तो ओसाड पडलेला. सरांनी तो धुतला, काळा रंग दिला आणि रोज सकाळी सातला पेपरातला एक आकडा त्यावर मांडायला लागले. वर बातमी, खाली हिशोब, त्याखाली दोन ओळींत स्वतःचं म्हणणं.

ती म्हणणी मला पाठ आहेत. दरडोई उत्पन्नाच्या बातमीखाली त्यांनी लिहिलं, "एका ताटात आठ भाकरी, दुसऱ्यात एकही नाही. कागदावर दोघं चार-चार जेवले." महागाईचा दर उतरला तेव्हा, "घाट संपलेला नाही. चढ जरा कमी झालाय, गाडी चढतेच आहे." दहावीच्या निकालाला ब्याण्णव टक्के पडूनही एक पोरगी रडली, त्या दिवशी, "पट्टी आखूड केली की प्रत्येक जण उंच भरतो. मग उंच माणसानं करायचं काय?"

आणि हिशोबात एक चूक. मुद्दाम. हे गुपित गावात फक्त मला ठाऊक होतं.

"सर, पाटीच लावा ना, चूक शोधा म्हणून."

"जाधव, सांगून शोधली तर ती परीक्षा झाली. मला कुणीतरी वाचणारा पाहिजे."

फळ्यासमोर अण्णा टेलरांचं दुकान. त्यांच्या बाकड्यावर सर सात ते नऊ बसून राहायचे, खिशात कोरा खडू. मी गाडी हळू करून भुवई उडवायचो, म्हणजे 'आज?' सर मान हलवायचे, म्हणजे 'नाही.' आमचं एवढंच बोलणं. थांबायला मला उशीर व्हायचा. रोज कसा उशीर व्हायचा, हे आता मलाही सांगता येत नाही.

सुरुवातीला चूक दशांश चिन्हात असायची. वर्ष उलटलं तशी ती बेरजेत उतरली. पुढंपुढं अशा ठळक चुका, की त्या मिरजेच्या स्टेशनवरून दिसाव्यात. लोक येत, फळ्याकडे बघत, मग सरांकडे बघत आणि "नमस्कार मास्तर, बरं हाय न्हवं?" म्हणून पुढं जात. अण्णा तर न सांगता चहा मागवत. सर म्हणायचे, "माणसं लय प्रेमळ आहेत रे इथली. नुसती वाचत नाहीत."

मला राहवेना. ऑफिसातल्या एका मित्राला मी पढवून पाठवलं. त्यानं ऐटीत जाऊन सांगितलं, "सर, तिसऱ्या ओळीत हातचा विसरलाय." सर खूश होतील म्हणून मी कोपऱ्यावर दबा धरून होतो. सरांनी त्याला फक्त विचारलं, "फळा तुमच्या पाठीमागं आहे. तुम्ही अजून वळून बघितलंच नाही. जाधवनं पाठवलं का?" खडू खिशातच राहिला. आठवडाभर माझ्या भुवईला त्यांनी उत्तर दिलं नाही.

यंदा उन्हाळ्यात त्यांनी लिहिलं, 'शंभराचे निम्मे चाळीस.' एवढंच. बातमी नाही, म्हणणं नाही. दुसऱ्या दिवशी पुसलं नाही. तिसऱ्याही नाही. अकरा दिवस ते चाळीस तसेच चौकाकडे बघत उभे. बाराव्या दिवशी मुलगी गाडी घेऊन आली.

त्या दिवशी मात्र मी थांबलो. सामान म्हणजे दोन पिशव्या आणि पेपरांचा गठ्ठा. सर गाडीत बसले, काच खाली केली.

"तिकडं चौदाव्या मजल्यावर आहे म्हणे घर. समोर भिंत नाही," ते म्हणाले. "जाधव, चुकीचं काही नाही. माझीच अपेक्षा जास्त झाली. अकरा दिवसांत एक माणूस, एवढीच होती खरं तर."

गाडी पुलाच्या दिशेनं दिसेनाशी झाली आणि माझं डोकं फिरलं. तडक टेलरांच्या दुकानात शिरलो. माझा आवाज सरांच्या तोडीचा नाही, पण त्या दिवशी शेजारच्या गिरणीचा पट्टा सुटला असेल.

"अण्णा, इतकी वर्षं फळा तुमच्या नाकासमोर! शंभराचे निम्मे चाळीस! येवढ्या चौकात एकालाही चूक दिसू नये?"

अण्णांनी शिवण पुरी केली, दोरा तोडला.

"दिसायची की. समद्यांनाच दिसायची, रोज. म्हातारपणी व्हायचंच आसं. चारचौघांत सांगून मास्तरांना कशाला वाईट वाटू द्यायचं, म्हणून आमी गप बसायचो."