याकोबचं ताट

ब्रह्मदेशात, इरावतीच्या काठावर लान्स नाईक याकोब तायडे मारला गेला. त्या दिवशी लाइनवर जायचा नंबर माझा होता.

आम्ही दोघे सिग्नलर. तो अंजनगाव सुर्जीचा, मी अकोल्याचा. पलटणीत कोणी गाव विचारलं की ‘सी.पी. ॲन्ड बेरार’ म्हणत असू. तो ख्रिस्ती, मी कुणबी. त्याच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नसे. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही हसत. मी मॅट्रिक होतो आणि पिशवीत पुस्तकं बाळगी, म्हणून तो मला मास्तर म्हणे. फौजेत आम्ही एकाच मेस टिनमध्ये जेवलो.

टेलिफोनची केबल पुढच्या कंपनीपर्यंत जमिनीवरून टाकलेली असे. मॉर्टरचा गोळा पडला की ती तुटे. मग एकानं टेलिफोनवर बसायचं आणि दुसऱ्यानं केबल हातात धरून तुटलेल्या जागेपर्यंत जायचं, जोड मारायचा, परत यायचं. एकदा तो, एकदा मी.

नदी ओलांडल्यावर एका दुपारी लाइन बंद पडली. गोळे पडतच होते. सुभेदार साहेब खंदकात आले.

‘लाइन डेड. नंबर किसका?’

मी टेलिफोनचा स्क्रू पिळत राहिलो. तो सैल नव्हता.

‘मेरा, साब,’ याकोब म्हणाला. मग माझ्याकडे वळून, ‘बस तू इथंच, मास्तर. तुले धड दिसत नाही. केबल समजून सापाले गाठ मारशीन.’

काही वेळानं टेलिफोन वाजला.

‘मास्तर, ऐकू येऊन राहिलं का?’

‘लाउड ॲन्ड क्लिअर. वापस ये.’

‘येतो.’

तो आला नाही. संध्याकाळी स्ट्रेचर पार्टीला तो जोडापाशीच सापडला. जोड पक्का होता. त्याच लाइनवरून मी त्याची कॅज्युअल्टी कळवली.

लढाई संपल्यावर मी अकोल्याला थांबलो नाही. अंजनगावला शाळेत मास्तरकी धरली. याकोबची आई मार्थाबाई गावाबाहेर वांगी-मिरच्या लावी. नवरा नव्हता, याकोब एकुलता एक. याकोबच्या पलटणीतला, एवढंच सांगून मी रोज शाळेआधी तिची मोट हाकू लागलो. भाजीच्या पाट्या बाजारात पोचवल्या, विहिरीतला गाळ काढला. असं काही वर्षं चाललं. नंबर माझा होता हे मात्र तिला सांगितलं नाही. याकोबनं जे केलं असतं ते सगळं आपण करायचं, म्हणजे कधीतरी आपण निर्दोष ठरू, असं मनात होतं.

ती रोज ताट वाढी. मी रोज ‘माझी भाकर आणली आहे’ म्हणे आणि बोरीखाली बसून खाई. जिचा मुलगा माझ्या जागी गेला तिचं अन्न घशाखाली उतरलं नसतं.

एका सकाळी ती बैलांसमोर येऊन उभी राहिली.

‘मास्तर, एक सांगा. आमच्या हातचं काहून चालत नाही तुमाले? मळ्यातली वांगी बाटत नाहीत, रांधली का बाटतात काय?’

मी रोज प्रायश्चित्त करत होतो, आणि त्यानंच रोज तिचा अपमान होत होता.

‘तसं नाही, मावशी. त्या दिवशी नंबर माझा होता. मी गप्प बसलो. याकोब गेला.’

ती घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं. मी पुन्हा मोट हाकू लागलो.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. डोळे सुजले होते.

‘बैल सोड.’ पहिल्यांदाच ती मला एकेरी बोलली.

‘दोन वाफे राहिले, मावशी.’

‘सोड म्हनलं ना. सारा मळा भिजवला तरी माझा पोरगा भरून निंगते काय?’

‘मग मी काय करू?’

‘काही करू नोको. तेच तुले जमत नाही.’ ती पायरीवर बसली. ‘मले तुले हाकलून द्याचं होतं. माफी माझ्याच्यानं होत नोती. येशूले म्हनलं, माझ्यात नाही ते, तू दे. मी का पुन्यवान म्हनून त्यानं मले जवळ केलं? त्यानं जीव देला, मी निस्ते हात पसरले. तूबी पसर. पयले हात धू.’

तिनं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, ताट आणलं. ते याकोबचं होतं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी. भाजीत मीठ जास्त पडलं होतं. मी जेवलो.

पुढे तिच्याजवळचं बायबल मी सावकाश वाचलं आणि बाप्तिस्मा घेतला. अकोल्याच्या घरानं माझी पंगत वेगळी केली. लोकांना वाटतं, ख्रिस्ती होणं हे माझं प्रायश्चित्त. प्रायश्चित्त मी त्या सकाळी बैलांबरोबरच सोडलं. देवापुढे मी नीतिमान ठरलो तो ख्रिस्तामुळे. माझ्या हातच्या कामाचा त्यात काही भाग नाही. तरीही तो स्क्रू अजून बोटांना लागतो. तो सैल नव्हता.

याकोबला इरावतीकाठी पुरलं. मार्थाबाई अंजनगावच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहे. मळा दुसऱ्याचा झाला. ताट माझ्याकडे आहे. मी त्यात जेवतो.