एकहाती खोंड

सोलापुरातून एसटीनं तासाभरावर आमचं गाव. तिथं आमच्या घरात शर्यतीचे खिलार खोंड तयार होतात. आजोबांनी सुरू केलं, अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वाढवलं. गायी आमच्या, वळू आमचा. वासरू अडीच-तीन वर्षं सांभाळायचं आणि मग शर्यतीच्या नादी माणसांना द्यायचं, हा धंदा. आम्ही खोंडाला नाव ठेवत नाही. नाव ठेवायचं ते विकत घेणाऱ्यानं. आमच्या दावणीला सगळे नुसते खोंडच.

आमच्या खोंडांची ख्याती अशी की ते एकहाती असतात. वासरू दूध सोडायला लागलं की घरातलं एक माणूस ठरतं. भरडा त्यानंच घालायचा, पाणी त्यानंच दाखवायचं, अंग त्यानंच धुवायचं. बाकीच्यांनी लांबून ओरडायचं, काठी आपटायची, पण अंगाला हात लावायचा नाही. अण्णांचं म्हणणं, दहा जणांनी कुरवाळलेला खोंड थंड पडतो. मैदानात मग तो माणसं बघत उभा राहतो. आमचा खोंड एका हाताला मांजर आणि बाकी जगाला वाघ. घेणारे त्यासाठीच यायचे.

मी त्यात सापडले ती माझ्याच भोळेपणानं. अकरावीच्या दिवाळीत एक गाय वासराला जवळ घेईना म्हणून मी त्याला बाटलीनं दूध पाजलं. चार दिवसांनी अण्णा म्हणाले, "आता ह्यो तुज्या हाताचा." मला वाटलं, कौतुक करतायत. मी गावभर सांगत सुटले.

दिवसातून चार वेळा खाणं, तीन वेळा पाणी. मामाच्या मुलीच्या लग्नाला अक्षता पडल्या की माघारी. मैत्रिणींची सहल गेली, मी दावणीला. एकदा रडून अण्णांना म्हटलं, मला हे जमणार नाही. ते वैरण झटकत म्हणाले, "हुईल सवय." ते खोंडाबद्दल बोलतायत असं मला वाटलं होतं.

बारावीनंतर सोलापुरात नर्सिंगला माझा नंबर लागला. आईनं नव्या पेठेतून गणवेशाचं पांढरं कापड आणलं. कागदपत्रं द्यायला मी दोन दिवस आत्याकडं राहिले, तर इकडं खोंडानं खाणं सोडलं. आईनं पाटी पुढं केली, ती त्यानं शिंगानं उडवली. मग अण्णांनी डोकं चालवलं. माझी गुलाबी ओढणी डोक्यावरून घेतली आणि मान खाली घालून, लाजत लाजत, दावणीकडं निघाले. खोंडानं त्यांना उकिरड्यावर नेऊन ठेवलं. हे सगळं आईनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी हसून हसून लोळले. संध्याकाळच्या गाडीनं परत आले. खोंड माझ्या हातचं खायला लागला आणि अण्णा पाठ शेकत म्हणाले, "एवडा खोंड जाऊ दे, मग तू मोकळी." ते वर्ष गेलं. पांढरं कापड ट्रंकेत राहिलं.

मला खोंडाचा राग यायचा, आणि तो माझ्या काखेत तोंड खुपसायचा तेव्हा स्वतःचा यायचा. अंगणाला कुंपण नव्हतं, फाटकाला कुलूप नव्हतं, कुणी मला बांधून घातलं नव्हतं. पण सकाळी जाग आली की छातीवर कुणी तरी बसल्यासारखं वाटायचं. आज पुन्हा तेच, उद्याही तेच.

पुढच्या वर्षी पुन्हा नंबर लागला. कॉलेजात हजर व्हायला दहा दिवस होते. मी अण्णांना सांगितलं, यंदा खोंड उपाशी मेला तरी मी जाणार. त्यांनी दोन दिवसांत गिऱ्हाईक आणलं. वैरागचे एक दुकानदार, शर्यतीचा जुना नाद असलेले. त्यांनी खोंडाचे दात बघायचे म्हणून मीच तोंड उघडून धरलं. त्यांना लई मजा वाटली. "बाईमानसाच्या हाताचा हाय व्हय? मग आमच्यात आमची सूनच घालंल की खायाला."

खोंड दिला की त्याचा माणूस बरोबर जातो आणि हात बदलून देतो, ही आमची रीत. आठ दिवस लागतात. पाटीत भरडा कालवायचा, खाली आपला हात, वर नवा हात. रोज आपला हात थोडा कमी. व्यवहार ठरून खोंड वैरागला पोचेपर्यंत माझ्याकडं आठ दिवस उरले नव्हते, पाचच होते.

त्यांची सून माझ्याच वयाची. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. बार्शीला शिवणाच्या क्लासला जायची, आठवड्यातून तीनदा, सकाळी जाऊन दुपारी परत. पहिल्या दिवशी तिचा हात माझ्या हातावर ठेवला तर थंडगार. "ढकलंल का ओ?" म्हणाली. मी म्हटलं, माझा हात आहे ना खाली.

पोरगी हुशार निघाली. मी खोंडाला बोलावताना जीभ टाळूला लावून दोनदा टकटक करते, ते तिला एका दुपारीत आलं. मी माझी जुनी ओढणी तिला दिली, माझ्यासारखं अंगाला चिकटून उभं राहायला शिकवलं. तिसऱ्या दिवशी खोंडानं तिचा तळवा चाटला. ती इतकी खूश झाली की सासूला हाक मारून दाखवायला लागली. मी सासूला लांबच थांबवलं. एकच हात, म्हटलं.

चौथ्या दिवशी पाटी धुताना तिनं विचारलं, "सकाळी खायाला घालून क्लासला गेलं तर चालतंय न्हवं? आन् पंचमीला चार दिस म्हायेरी?"

मला खरं माहीत होतं. आणखी एक गोष्टही माहीत होती, जी तिला कुणी सांगितली नव्हती. आमच्याकडं खोंड अडीच-तीन वर्षं असतो, मग जातो. त्यांना तो पळवायला हवा होता. चांगला पळणारा बैल कुणी विकत नाही. आठ वर्षं, दहा वर्षं, पाय चालतायत तोवर ठेवतात.

खरं सांगितलं असतं तर तिनं हात काढून घेतला असता. मग पुन्हा मी.

"चालतंय की," मी म्हणाले.

पाचव्या दिवशी दुपारी तो तिच्या हातचा भरडा खात होता. मी मागच्या दारानं निघाले. त्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण रागच आला. मग एसटीत बसले आणि सोलापूर येईपर्यंत हुंदके देत रडले. शेजारच्या बाईला वाटलं, सासरी निघालीय. तिनं मला पेरू दिला.

कॉलेजात मी वेळेत हजर झाले. पांढरं कापड घडीच्या रेषेवर पिवळं पडलं होतं, तरी त्याचाच गणवेश शिवला. हॉस्टेलात पहिले काही दिवस पहाटे दचकून उठायचे, पाणी दाखवायचं राहिलं म्हणून. मग तेही थांबलं. मी सोलापुरात नुसती चालत सुटायचे, कुठं जायचं नसलं तरी. कुणी वाट बघत नाही, हे सुख कसलं असतं ते मला तेव्हा कळलं.

पंचमी होऊन गेल्यावर दुपारच्या सुट्टीत तिचा फोन आला. नंबर मीच दिला होता, काही अडलं तर म्हणून.

"ताई, म्या म्हायेरी गेलते. दुसऱ्याच दिशी माघारी आनलं. त्येनं पान्यालासुदिक तोंड लावलं न्हवतं." मागं मला पाटीचा आवाज येत होता, आणि त्याच्या नाकाचा फुरफुर आवाज. तो मी हजारांत ओळखला असता. "क्लास बी बंद केलाय. मामंजी म्हनत्यात, यंदा लई मैदानं हायेत, आता कुटं जायाचं न्हाय." ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "तुमी चालतंय म्हनला हुता की."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. माझा हात उगाचच नाकाकडं गेला, भरड्याचा वास येतो का बघायला. साबणाचा आला.

"होईल सवय," मी म्हणाले.

तिनं विचारलं, "त्येला का?"

"हो," म्हणाले. "त्याला."