ओलाव्याचा काटा

कोर्टात तीस वर्षं टायपिंग करून छोटी निवृत्त झाली आणि दुसऱ्याच महिन्यात तिच्या दादाला अर्धांगवायूचा झटका आला. एकसष्टाव्या वर्षीही ती घरात छोटीच. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. दादाचा संसार म्हणजे मागच्या खोलीतली बावीस ऑर्किडं.

त्याच खोलीत त्याचा पलंग, आणि समोर भिंतीवर हवेतला ओलावा मोजणारी तबकडी. काटा पन्नासच्या खाली उतरला, की दादा चांगल्या हाताने पेला आपटायचा. छोटी हातातलं काम टाकून फवारणीची बाटली घेऊन धावायची. काटा वर चढायचा, अर्ध्या तासात पुन्हा खाली. दिवसातून दहा वेळा. खिडकी उघडायची चोरी, ओलावा निघून जाईल म्हणून. भाजी आणायलाही ती पळत जायची, पळत यायची.

एकदा संध्याकाळी फवारलेलं पाणी पानांच्या बेचक्यात साचून राहिलं आणि सगळ्यांत जुनं रोप कुजलं. दादाने दोन दिवस अबोला धरला. तसेही झटक्यानंतर त्याला चारच शब्द यायचे.

शेवटी तिने रोपवाटिकेतल्या बाईंना गाठलं.

"अहो, फवारून हवा कितीशी ओली राहणार?" बाई हसल्या. "पसरट ट्रेमध्ये खडे घाला, पाणी खड्यांच्या वर येऊ देऊ नका. त्यावर कुंड्या जवळजवळ मांडा. बूड पाण्यात बुडता कामा नये. आणि छोटा पंखा मंद चालू ठेवा, म्हणजे बुरशी धरणार नाही."

आठवड्याभरात काटा साठावर जाऊन बसला. हलेचना. छोटीने लगेच मैत्रिणीला फोन लावला. "येते गं चार दिवस!"

"नको," पलंगावरून आवाज आला.

"दादा, झाडांचं आता माझ्यावाचून अडत नाही. चार दिवस नर्सबाई ठेवते ना."

"नको... छोटी."

इतके दिवस तिला अडकवायला निदान झाडांचं निमित्त तरी होतं. आता तेही उरलं नाही.

तरी ती गेली. दुसऱ्या दिवशी दुपारीच नर्सबाईंचा फोन आला, "कालपासून घास घेतला नाही हो त्यांनी." छोटी संध्याकाळच्या गाडीने परतली. दादा तिच्या हातून जेवला आणि लहान मुलासारखा रडला. तिला रडू आलं नाही. राग आला, मग रागाची लाज वाटली.

हल्ली रोज दुपारी चार ते पाच या वेळात शेजारचे आजोबा दादापाशी बसतात. छोटी नदीच्या पुलापर्यंत जाते, कठड्याला टेकून पलीकडे निघालेल्या बसच्या पाट्या वाचते. पावणेपाचला मागे वळते.