दादाच्या पोटात काही राहत नाही

जिला सगळे रफूवाली म्हणतात ना, ती माझी सख्खी धाकटी बहीण. फाटलेलं कापड एकदा तिच्या हाताखालून गेलं की कुठं फाटलं होतं ते शोधून दाखवा, मी मिशी उतरवतो. शाळा दोघांचीही जेमतेम, पण हातातली कला सगळी तिच्याकडे गेली. माझ्या वाट्याला तोंड आलं.

एकटी राहते. अलीकडे डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, आणि रफूवालीचे डोळे गेले म्हणजे पोटच गेलं. ऑपरेशनसाठी तिनं पोटाला चिमटा काढून पैसे बँकेत ठेवले होते.

परवा दुपारी ती खिडकीशी कोटाची बाही घेऊन बसली होती, तोच फोन आला. कोणी साहेब करड्या आवाजात म्हणाला, तुमच्या भावाच्या गाडीखाली माणूस आलाय, भाऊ चौकीत आहे, आत्ता पैसे पाठवाल तर सुटेल. मागं कोणीतरी रडत होतं, हुबेहूब माझ्या आवाजात. भावापुढे डोळे कसले? सुई बोटात घुसली तेही तिला कळलं नाही. साहेब सांगत गेला, ती फोनवर बटणं दाबत गेली. शेवटचं बटण उरलं तेव्हा तो म्हणाला, फोन ठेवायचा नाही आणि कोणाला सांगायचं नाही, भावानंच बजावलंय.

तिथं तिचा अंगठा थांबला. तिचा दादा? पायात काटा मोडला तरी अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवणारा?

"साहेब," ती म्हणाली, "माझ्या दादाला काही झालं असतं ना, तर तुमच्याआधी गावानं मला सांगितलं असतं."

फोन कापून तिनं माझा नंबर लावला. मी गॅरेजात गिऱ्हाइकाला माझीच बढाई सांगत होतो. "दादा, तू नुसता बोलत राहा," म्हणाली आणि रडायला लागली.

फसणारी माणसं बावळट नसतात हो, जीव लावणारी असतात. संध्याकाळी तिच्या इमारतीत दारोदार जाऊन मी हे सांगून आलो. ती म्हणत होती, पुरे रे दादा. मी कसला ऐकतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरचे आजोबा उलटसुलट चपला घालून तिच्या दारात उभे. त्यांनाही तसाच फोन आला होता, भाच्याला पकडलंय म्हणून. त्यांनी तो ठेवला आणि भाच्याचाच नंबर फिरवला.

"झोपमोड केली म्हणून खेकसला माझ्यावर," आजोबा डोळे पुसत म्हणाले, "पण किती गोड वाटलं, पोरी."