कलता शिक्का

कुमाझाकी शिगेओ या मार्चमध्ये निवृत्त झाला. निरोपाच्या जेवणाला मी गेले नाही.

तो आमच्या विभागात आला तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मीच हसले होते. एकोणतीस वर्षं विमानाचा ॲल्युमिनियमचा पत्रा दाबला आणि तो विभाग बंद झाला म्हणून आमच्या गळ्यात मारलेला माणूस. डब्यात रोज भाताचे गोळे आणि मुळ्याचं लोणचं. मशीनला "उठा आता" म्हणणारा.

मी, हिबिनो, कार्बनच्या अखंड धाग्याच्या चादरी साच्यात दाबण्यात बावीस वर्षं काढलेली. त्या वर्षी चादर आली ती तुकड्या-तुकड्यांच्या धाग्याची. तिच्यातून विमानाच्या दाराच्या मुठीमागची खोल वाटी घडवायची रीत मीच बसवणार, हे ठरल्यातच जमा होतं. पण तीन महिने माझ्या वाटीच्या कोपऱ्यात सुरकुत्या. अखंड धागा ताणत नाही, म्हणून कडा सैल धरून चादर साच्यात सरकू द्यायची, एवढंच माझ्या हाताला ठाऊक.

कुमाझाकी डोकावून म्हणाला, "हिबिनोसान, तुकडे आहेत ना हे? तापले की एकमेकांवरून सरकतील. कडा घट्ट धरा, पत्र्यासारखी ताणू द्या की."

"पत्रेवाल्याला जिथेतिथे पत्राच दिसतो," मी म्हणाले.

साहेबांनी मात्र त्यालाच करून बघायला सांगितलं. पहिलीच वाटी नितळ निघाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर चाचणी होती. तो चहाला गेला आणि मी त्याच्या चौकटीचे, चादरीची कडा घट्ट धरणारे, दोन चाप सैल केले.

वाटीला सुरकुती पडली. त्याने चापांवरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांपुढे कमरेत वाकला. "माझी चूक. चाप तपासायचे राहिले."

पुढच्या चाचणीत वाटी पुन्हा नितळ निघाली, आणि रीतीचा कागद सहीशिक्क्यासाठी माझ्याकडे आला. आमच्याकडे धाकट्याने शिक्का जरा कलता मारायचा, शेजारच्या थोरल्याच्या शिक्क्याला नमस्कार केल्यासारखा. तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तरी 'करणारा' या चौकोनातला त्याचा शिक्का माझ्या रिकाम्या चौकोनाकडे कललेला होता. वर पहिलंच कलम: चाप दोघांनी हाताने तपासावेत.

तो मला चोर म्हणाला असता तर परवडलं असतं. मी शिक्का शाईवर टेकवला आणि सरळ मारला. तेवढंही वाकणं मला जमलं नाही.